पोटाखालचा हात

रात्रपाळी संपवून घरी येतो तेव्हा
माझ्या अंगाला वाफेचा वास असतो.
समुद्राचं खारं पाणी गोडं करायचं,
हे माझं काम. अठरा वर्षं झाली.
अजमानच्या अर्ध्या नळांतून माझी रात्र वाहते,
असं तमारला लहानपणी सांगायचो
आणि ती नळाला कान लावून बसायची.

आता ती पंधराची आहे.
कानाला इयरफोन असतात.

बुधवारी शाळेतून पत्र आलं.
रसायनशास्त्राच्या पेपरात
तळहातावर निळ्या शाईची सूत्रं सापडली.
गुण शून्य.
सोमवारी मुख्य बाईंना भेटावे.
खाली पालकाची सही.

मी सही केली नाही, लॅपटॉप उघडला.
'आदरणीय मॅडम, गेल्या महिन्यात आमच्या घरी गंभीर आजारपण…'
कुणाचं, ते अजून ठरायचं होतं.
बहुधा माझ्या आईचं,
जी अलिबागच्या कबरस्तानात
नऊ वर्षं निवांत आहे.

सिप्पोरा मागे उभी राहून वाचत होती.
हातात परडी, सबाथच्या सरबताच्या काळ्या मनुका.
"चूक तिची आहे," म्हणाली,
"तिच्याकडून ती हिसकावून घेऊ नकोस."
मग देठ खुडत, माझ्याकडे न बघता:
"मोशेनं दगडी पाट्या फोडल्या,
तेव्हा तुकडे कुणी झाडून टाकले नाहीत.
नव्या पाट्यांशेजारी, त्याच पेटीत ठेवले
आणि वाळवंटभर खांद्यावर वाहिले.
आणि तू एक शून्य लपवायला निघालास,
मेलेल्या सासूबाईंना ताप आणून."

आमच्या आबांना, रहमीम आबांना,
शास्त्र फारसं येत नव्हतं.
बापानं मुलाला काय काय शिकवायचं
याची जाणत्यांनी कधीतरी यादी केलेली;
आबांना तिच्यातलं एवढंच आठवायचं,
की पोहायला शिकवायचं.
रेवदंड्याच्या खाडीत, ऐन भरतीला,
त्यांनी मला आडवं धरलं.
पोटाखाली एकच हात,
घाण्याच्या कामानं घट्टे पडलेला.
"आबा, हात आहे ना?" मी ओरडत होतो.
"आहे, आहे," आबा म्हणत होते,
किनाऱ्यावरून.

मी मजकूर पुसला. सही केली.
सहीसुद्धा वाकडी आली.

शुक्रवारी दिवे लागले.
समोरच्या मशिदीतली अजान संपेपर्यंत
आम्ही नेहमीसारखे थांबलो.
मग तमारच्या डोक्यावर हात ठेवून मी म्हणालो:
सारा, रिबका, राहेल, लेआ,
त्यांच्यासारखी होवो माझी मुलगी.
एरवी ती डोळे फिरवते.
आज मान खाली.
हात जरा जास्तच वेळ राहिला असावा,
कारण तिनंच तो उचलला
आणि माझ्या मांडीवर आणून ठेवला,
दुसऱ्या कुणाची वस्तू परत करावी तसा.

सोमवार. बाहेर सेहेचाळीस अंश.
"तुम्ही आत यायचं नाही," तिनं बजावलं.
"पत्रात पालक लिहिलंय."
"पत्र मला आलंय."
ते काही खरं नव्हतं. मी वाद घातला नाही.

फाटकापाशी गाडी उभी.
मी दोनदा दार उघडून एक पाय बाहेर ठेवला,
दोनदा आत घेतला.
स्टिअरिंगवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.
बाटलीतलं पाणी प्यालो,
माझंच काल रात्रीचं असेल.
त्यालाही मघा चवच नव्हती.

पंधरा मिनिटं. वीस.
ती काय बोलत असेल, आवाज कापत असेल का,
की मुद्दाम उद्धट होऊन
सगळं आणखी बिघडवत असेल?
मला काही माहीत नाही.
पाण्याचा खारेपणा मी मीटरवर वाचू शकतो.

मग फोन थरथरला.
'बाई अजून मीटिंगमध्ये. बाकावर बसलेय.
पप्पा, आहात ना?'

एसीचं वारं अंगठ्यांवर येत होतं.
मी टाइप केलं,
'आहे, आहे.'